नवा मुख्य प्रशिक्षक, जुना संघ: कॉलेज फुटबॉलच्या चाहत्याने पहिल्या वर्षी किती अपेक्षा ठेवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या गावात राहता, मुलगी तेथेच शिकते आणि घरात अमेरिकन फुटबॉलची चार सीझन तिकिटे आहेत. गेल्या हंगामात संघाने ८ सामने जिंकले, ५ गमावले, तरीही मुख्य प्रशिक्षकाला निरोप देण्यात आला. आता नव्या माणसाकडून पहिल्या वर्षी काय अपेक्षा ठेवावी, त्याला किती वर्षे द्यावीत, आणि क्रीडा विभागाने मागितलेली वाढीव देणगी भरून तिकिटांचे नूतनीकरण करावे का, असे आपण विचारले आहे.

अशाच एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात तिकीटविक्री आणि देणगीदारांशी संपर्क हे काम मी अनेक वर्षे केले आहे. प्रशिक्षक गेला की आमच्याकडचे फोन आधी रागाने वाजत आणि पंधरवड्यात उत्साहाने वाजू लागत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की पहिल्या वर्षीच्या विजयांच्या आकड्यावरून नव्या प्रशिक्षकाविषयी फारसे काही ठरवता येत नाही. त्याच्या हाती कोणता संघ आला आणि कोणते सामने आले, हे पाहून अपेक्षा बांधावी. शिवाय आज आपल्या मनात जी अपेक्षा आहे, तिचा बराचसा भाग माझ्यासारख्या लोकांनी, म्हणजे तिकीट विकणाऱ्यांनीच, घडवलेला असतो.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या खेळातील मुख्य प्रशिक्षकाचे वजन सुरुवातीला लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो. कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडू निवडणे, शाळकरी मुलांच्या घरी जाऊन त्यांना विद्यापीठाकडे वळवणे, साहाय्यक प्रशिक्षक नेमणे, खेळाची पद्धत ठरवणे आणि चौथ्या डाउनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या प्रयत्नाला, जोखीम घ्यायची की चेंडू लाथाडून द्यायचा हे सांगणे, ही सगळी कामे एका माणसाच्या अखत्यारीत येतात. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्य विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षकच असतो. त्यामुळे प्रशिक्षक बदलला की सगळेच बदलेल असे चाहत्याला वाटते, आणि ते पूर्णपणे चुकीचेही नाही. फक्त ते सगळे एका उन्हाळ्यात बदलत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मिशिगन विद्यापीठाचे आहे. लॉइड कार निवृत्त झाल्यावर २००८ च्या हंगामासाठी तेथे रिच रॉड्रिगेझ आले. कार यांचा संघ पारंपरिक पद्धतीने खेळत असे: मागे उभा राहून दूरवर चेंडू फेकणारा उंच क्वार्टरबॅक आणि त्याच्यापुढे वजनदार खेळाडूंची भिंत. रॉड्रिगेझ यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक स्वतः धावतो आणि पुढची फळी चपळ लागते. किराणा घराण्यात तयार झालेल्या शिष्यांना एका पावसाळ्यात आग्र्याची बोलतान गायला लावावी, तसा हा प्रकार होता. रायन मॅलेट हा मजबूत हाताचा तरुण क्वार्टरबॅक आर्कान्सा विद्यापीठाकडे निघून गेला आणि उरलेल्यांपैकी कोणीही नव्या पद्धतीसाठी घडलेला नव्हता. त्या वर्षी मिशिगनने ३ सामने जिंकले व ९ गमावले, त्यांत टोलिडोसारख्या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर झालेला १३–१० असा पराभवही होता. सलग ३३ वर्षे हंगामानंतरचा बोल सामना खेळणारा संघ त्या वर्षी घरी बसला. जॉर्जिया टेकमध्ये २०१९ साली हेच घडले. पॉल जॉन्सन यांनी अकरा हंगाम ट्रिपल ऑप्शन ही धावण्यावर आधारलेली पद्धत राबवली होती. ते निवृत्त झाल्यावर त्या पद्धतीसाठी निवडलेल्या मुलांकडून वेगळाच खेळ करून घेण्याचा प्रयत्न झाला आणि पहिल्याच वर्षी संघ ३–९ वर आला. म्हणून नव्या प्रशिक्षकाविषयी मी सर्वप्रथम एवढेच विचारतो की त्याची पद्धत आधीच्या माणसाच्या पद्धतीच्या किती जवळ आहे. अंतर जितके जास्त, तितका पहिल्या वर्षाचा आकडा कमी विश्वासार्ह.

मिशिगनची गोष्ट येथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. तीन वर्षांत १५–२२ अशी कामगिरी झाल्यावर रॉड्रिगेझ यांना काढण्यात आले. २०११ मध्ये आलेल्या ब्रेडी होक यांनी पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले, शुगर बोल जिंकला आणि गावात त्यांचा जयजयकार झाला. त्या संघाचा क्वार्टरबॅक डेनार्ड रॉबिन्सन आणि त्याच्या आजूबाजूचे बहुतेक महत्त्वाचे खेळाडू रॉड्रिगेझ यांनी आणलेले होते, आता वयाने आणि अनुभवाने पिकलेले. पेरले एकाने आणि कापणी दुसऱ्याने केली. पुढे होक यांची स्वतःची भरती मैदानावर आली आणि आकडे ८–५, ७–६, ५–७ असे उतरत गेले. पहिल्या वर्षावरून रॉड्रिगेझ यांना नालायक ठरवणारा आणि होक यांना तारणहार मानणारा चाहता एकच होता, आणि दोन्ही वेळा तो ज्या संघाकडे पाहत होता तो बव्हंशी मागच्या माणसाचा होता.

नव्याचे नऊ दिवस फक्त प्रेक्षकांचेच असतात असे नाही, व्यवस्थापनाचेही असतात. नोत्र दामने २००५ मध्ये चार्ली वाइस यांना आणले. पहिल्या हंगामात अव्वल क्रमांकाच्या यूएससीशी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी) त्यांचा संघ ३४–३१ असा शेवटच्या क्षणी हरला. त्या चुरशीच्या पराभवाने सगळे इतके भारावले की ऑक्टोबर संपण्यापूर्वी, सात सामने झाले असताना, वाइस यांना दहा वर्षांचा करार देण्यात आला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय. २००७ मध्ये संघ ३–९ झाला, २००९ मध्ये वाइस गेले आणि विद्यापीठ त्यांना अनेक वर्षे पैसे देत राहिले. ती रक्कम एकूण सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरच्या घरात गेली.

याच नोत्र दाममध्ये उलटा धडाही आहे. ब्रायन केली २०२१ च्या अखेरीस एलएसयूकडे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे) गेल्यावर त्यांच्या हाताखालचे तरुण साहाय्यक मार्कस फ्रीमन यांना बढती मिळाली. पहिले तीनही सामने हरणारे ते विद्यापीठाच्या इतिहासातील पहिले मुख्य प्रशिक्षक ठरले. तिसरा पराभव मार्शल या लहान विद्यापीठाकडून, घरच्या मैदानावर झाला. त्या आठवड्यात कोणी माझा सल्ला विचारला असता तर थांबा असे म्हणणे मलाही जड गेले असते. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, हाच माणूस संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला, आणि तेही हंगामाच्या सुरुवातीला नॉर्दर्न इलिनॉयकडून १६–१४ असे हरल्यानंतर.

आता गेलेल्या माणसाच्या सावलीविषयी सांगायला हवे, कारण अपेक्षेचे माप बहुतेकदा तेथूनच येते. अलाबामात बेअर ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ अशी पंचवीस वर्षे आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदे गाजवली. सरावाच्या मैदानावर त्यांचा एक मनोरा होता, ज्यावर उभे राहून ते सगळा सराव पाहत. त्यांच्या जागी त्यांचाच माजी खेळाडू रे पर्किन्स आला आणि त्याने तो मनोरा तेथून हलवला. प्रशिक्षणाच्या दृष्टीने निर्णयात वावगे काही नव्हते, पर्किन्स यांना मैदानावर उतरून शिकवायचे होते. पण जानेवारी १९८३ मध्ये ब्रायंट यांचे निधन झालेले, सगळे राज्य सुतकात, आणि अशा वेळी तो मनोरा काढलेला लोकांच्या मनातून कधी गेला नाही. १९८४ मध्ये संघ ५–६ झाला तेव्हा हिशेब त्या मनोऱ्यापासून मांडला गेला. पर्किन्स यांच्यानंतर आलेले बिल करी तर जॉर्जिया टेकचे माजी खेळाडू, म्हणजे परके. १९८८ मध्ये एक सामना हरल्यावर त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आली, आणि १९८९ मध्ये १० सामने जिंकूनही ते केंटकीला निघून गेले, कारण ऑबर्न या राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाशी ते तीनही वर्षे हरले होते. चाहत्याची अपेक्षा केवळ विजयांच्या संख्येची नसते, ती कोणाविरुद्धच्या विजयाची असते, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकतात.

त्याच अलाबामात २००७ मध्ये निक सेबन आले. एप्रिलमधल्या सराव सामन्याला, ज्याचा निकाल कोठेही नोंदला जात नाही, ९२,१३८ लोक आले. त्या वर्षी प्रत्यक्ष हंगामात संघ ७–६ राहिला आणि नोव्हेंबरमध्ये लुइझियाना-मन्रो या छोट्या विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर २१–१४ असा हरला. पुढच्या वर्षी त्यांनी १२ सामने जिंकले, २००९ मध्ये एकही न हरता विजेतेपद मिळवले आणि तेथील सहा विजेतेपदे घेऊन जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले केलन डिबोर यांनी पहिल्या वर्षी ९ सामने जिंकले, ४ गमावले, आणि त्यांत जॉर्जियाविरुद्धचा ४१–३४ असा विजयही होता. सेबन यांच्या पहिल्या वर्षापेक्षा हे दोन विजय जास्त. तरीही २००७ च्या शेवटी टस्कलूसात, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावात, आशा होती आणि २०२४ च्या शेवटी धुसफूस. यामागे अन्याय कमी आणि हिशेब जास्त आहे. २००७ मध्ये लोकांनी तुलना मागच्या दशकाच्या पडझडीशी केली, तर २०२४ मध्ये २००८ पासून दरवर्षी दहा किंवा अधिक सामने जिंकणाऱ्या संघाशी. वँडरबिल्टसारख्या एरवी दुबळ्या संघाकडून ४०–३५ असे हरणे त्या तुलनेत बसतच नव्हते.

आपल्या संघाने मात्र सेबन गमावलेला नाही, ८–५ वाला माणूस गमावला आहे, आणि म्हणून आपल्याला अलाबामापेक्षा नेब्रास्का अधिक जवळची. ही कथा मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण चांगले सोडून उत्तमाच्या मागे लागण्याचा इतका लांब आणि इतका नीट नोंदला गेलेला प्रयोग दुसरा नाही.

टॉम ऑस्बर्न यांनी १९७३ ते १९९७ या पंचवीस हंगामांत कधीही नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, आणि शेवटच्या चार वर्षांत तीन विजेतेपदे मिळवली. त्यांचे साहाय्यक फ्रँक सोलिच यांनी सहा हंगामांत ५८ सामने जिंकले, १९ गमावले आणि २००१ च्या हंगामात संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेले. २००२ मध्ये ७–७ असा एक वाईट हंगाम झाला. २००३ च्या नियमित हंगामात ९ विजय आणि ३ पराभव झाल्यावर त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या बिल कॅलहन यांनी पिढ्यानपिढ्या चालत आलेला धावण्याचा खेळ सोडून पासवर आधारलेली व्यावसायिक पद्धत आणली. २००४ मध्ये संघ ५–६ झाला: १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, आणि ३५ वर्षांची बोल सामन्यांची मालिका खंडित. कॅलहन गेले. बो पेलिनी यांनी सात वर्षे दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले, पण परिषदेचे, म्हणजे आपल्या गटातील विद्यापीठांच्या साखळीचे, विजेतेपद मिळवले नाही आणि मोठ्या सामन्यांत दारुण पराभव पत्करले. २०१४ मध्ये तेही गेले. मग माइक रायली, १९–१९. मग १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, राज्याचा भूमिपुत्र, नुकताच सेंट्रल फ्लोरिडाला १३–० करून आलेला स्कॉट फ्रॉस्ट. याहून योग्य माणूस कागदावर सापडलाच नसता, आणि गावोगावी तसे बोलले जात होते. फ्रॉस्ट यांची अखेर १६–३१ वर झाली. एका टचडाउनच्या, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्यावर मिळणाऱ्या गुणांच्या, आतल्या फरकाचे २७ सामने त्यांच्या वाट्याला आले, त्यांपैकी ५ जिंकले आणि २२ हरले.

या सगळ्या काळात नेब्रास्काचे लिंकन येथील मेमोरियल स्टेडियम एकदाही रिकामे दिसले नाही. तेथील तिकिटे संपण्याची मालिका नोव्हेंबर १९६२ पासून चालू आहे. तिकीटविक्रीतला माणूस म्हणून मला या निष्ठेचा हेवा वाटतो आणि थोडी काळजीही. जेथे खुर्ची कधीच रिकामी राहत नाही, तेथे चाहत्याची नाराजी हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ती रेडिओवर आणि विश्वस्तांच्या जेवणावळींत दिसते, आणि निर्णय तेथल्या आवाजाच्या पट्टीवर होऊ लागतात.

कोलोराडो विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ स्कॉट ॲडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकाहून अधिक काळापूर्वी वरच्या विभागातील संघांचे प्रशिक्षकबदल तपासले होते. फारच वाईट खेळणाऱ्या संघाने प्रशिक्षक बदलला काय आणि न बदलला काय, पुढच्या काही वर्षांत विशेष फरक पडत नाही. मध्यम कामगिरीच्या संघाने बदलला तर तो तशाच पण प्रशिक्षक न बदलणाऱ्या संघांपेक्षा मागे पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपला ८–५ वाला संघ दुसऱ्या गटात मोडतो. म्हणजे पहिल्या वर्षी आठाचे दहा होण्यापेक्षा आठाचे सहा होण्याची तयारी ठेवावी.

येथे एक दुरुस्ती जोडली पाहिजे, कारण तो अभ्यास झाला तेव्हाचा खेळ आता राहिलेला नाही. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ट्रान्स्फर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले, २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष न थांबता विद्यापीठ बदलता येऊ लागले, त्याच वर्षी जुलैपासून नाव व प्रतिमेतून कमाईची मुभा मिळाली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, ज्याची पहिल्या वर्षीची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. पूर्वी नव्या प्रशिक्षकाला आपली मुले मैदानावर दिसायला तीन-चार वर्षे लागत. आता तो तयार, वयाने मोठे खेळाडू एका हिवाळ्यात आणू शकतो. कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस ३–९ झालेल्या इंडियानाला आले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आले, आणि पहिल्याच वर्षी ११–२ करून राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पोहोचले. दुसऱ्या वर्षी, २०२५ च्या हंगामात, त्यांनी एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. पराभवांच्या संख्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या बाबतीत हे झाले, म्हणून त्याचा परिणाम देशभरच्या चाहत्यांच्या मनावर झाला आहे. आता प्रत्येक गावात विचारले जाते, इंडियानाला जमले तर आपल्याला का नाही?

त्याचे उत्तर कोलोराडोत सापडते. डियॉन सँडर्स यांनी २०२३ मध्ये ८० हून अधिक नवे खेळाडू आणून जवळजवळ पूर्ण संघ बदलला. पहिल्या तीन सामन्यांनी देश वेडा झाला, आणि हंगाम ४–८ वर संपला. २०२४ मध्ये ९–४ आणि ट्रॅव्हिस हंटरला वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक, मग तो आणि क्वार्टरबॅक व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेल्यावर २०२५ मध्ये ३–९. पोर्टलने वेग दिला आहे, पण दोन्ही दिशांना. आणि दार बाहेरही उघडते. सेबन निवृत्त होताच केलेब डाउन्ससारखा देशातला अव्वल सेफ्टी (मागच्या फळीतला बचावपटू) अलाबामा सोडून ओहायो स्टेटला गेला. प्रशिक्षक बदलल्यावर खेळाडूंना पोर्टलमध्ये जाण्यासाठी पूर्वी ३० दिवसांची खास मुदत मिळत असे. अलीकडे ती नव्या प्रशिक्षकाच्या नेमणुकीनंतर पाच दिवसांनी सुरू होणाऱ्या १५ दिवसांवर आणली आहे. आपल्या संघाच्या बाबतीत या पंधरा दिवसांत कोण राहिले याची यादी मला पत्रकार परिषदेपेक्षा जास्त सांगून जाते.

त्या पत्रकार परिषदेविषयी. बँड, विद्यापीठाच्या रंगाचा टाय, मागे उभे विश्वस्त, आणि पहिल्या रांगेत प्रशिक्षकाची पत्नी-मुले. हा समारंभ साधारणपणे डिसेंबरमध्ये होतो आणि नूतनीकरणाचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत निघतात. हा योगायोग नाही. एकही सामना झालेला नाही आणि म्हणून एकही पराभव झालेला नाही, असा वर्षातला तो एकमेव काळ आहे, आणि खुर्चीमागची देणगी वाढवायची तर तेव्हाच. आम्हाला फोनवर वाचायला दिलेल्या मजकुरात ‘नवे पर्व’ हे शब्द हमखास असत. देशभरचे तिकीट विभाग दर काही वर्षांनी तीच वाक्ये नव्या नावाने वाचतात, आणि ऑक्टोबरमध्ये लोक चिडले की चाहत्यांना संयम नाही असे म्हणतात. मला हे नेहमीच अप्रामाणिक वाटत आले आहे. संयम विकत घ्यायला सांगायचा असेल, तर विकताना चमत्कार दाखवू नये.

फोनवरच्या लोकांत एक निवृत्त शेतकरी होते, ज्यांच्या खुर्च्या वडिलांपासून चालत आलेल्या, पस्तिसाव्या यार्डाच्या रेषेवर. प्रशिक्षक बदलला की ते माझा मजकूर पूर्ण ऐकून घेत आणि मग एकच विचारत: ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे चढाईतल्या पुढच्या फळीला, कोण शिकवणार आहे? नाव सांगितले की ते आधीच्या तीन नोकऱ्यांचा काळ विचारत, कागदावर लिहून घेत असावेत असा पेन्सिलीचा आवाज येई, आणि मग कार्डाचा क्रमांक देत. पुढची फळी हा संघातला सर्वांत हळू घडणारा आणि सर्वांत कमी फसवणारा भाग आहे. क्वार्टरबॅक पोर्टलमधून आणता येतो, पाच जणांनी एकाच श्वासात हलायला शिकणे आणता येत नाही.

त्यामुळे येत्या हंगामात आपण काय पाहावे, हे मी असे सांगेन. सप्टेंबरमधले दुबळ्या संघांविरुद्धचे मोठे विजय सोडून द्यावेत. परिषदेतील चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत शिस्तभंगाचे दंड कमी होत आहेत का, चेंडू हातातून निसटणे कमी होत आहे का, आणि मध्यंतरानंतर संघ सुधारतो की विरघळतो, एवढ्याकडे लक्ष ठेवावे. एका टचडाउनच्या आतले सामने एका हंगामात बहुतांशी नशिबावर झुकतात. तीनपैकी तीन हरले तर मी शांत राहीन. फ्रॉस्ट यांच्यासारखे पाच वर्षे हरत राहिले तर ती सवय आहे. हंगाम संपल्यावर किती चांगले खेळाडू पोर्टलमध्ये गेले आणि किती साहाय्यक प्रशिक्षक टिकले, हे अवश्य मोजावे.

किती वर्षे द्यावीत, याचे माझे उत्तर पूर्वी चार होते. पोर्टल आल्यापासून मी दोन पूर्ण हंगाम आणि तिसऱ्याचा अर्धा म्हणतो. आयोवाच्या कर्क फेरेंट्झ यांनी १९९९ मध्ये १–१० ने सुरुवात करून चौथ्या वर्षी ११ सामने जिंकले, तशी मुभा आज कोणी देणार नाही. पण तिसऱ्या हंगामाच्या आधी उतावीळपणा करणाऱ्यांना किंमत मोजावी लागते, कारण करारच तसे लिहिलेले असतात. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढले तेव्हा सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणे लागत होते. फ्रॉस्ट यांना नेब्रास्काने सप्टेंबर २०२२ मध्ये काढले. तीन आठवडे थांबले असते तर देणे दीड कोटीवरून ७५ लाखांवर आले असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना मधूनच निरोप दिला. आदल्या हंगामात ते उपांत्य फेरीपर्यंत गेले होते, पण अव्वल दहा संघांविरुद्ध ४–२१ हा आकडा आणि लागोपाठ तीन पराभव लोकांना पुरे झाले. त्या चाहत्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. हंगामाच्या मध्येच काढण्यामागे वेळापत्रकही आहे: शाळकरी खेळाडूंची सही आता डिसेंबरच्या सुरुवातीला होते, तोपर्यंत नवा माणूस खुर्चीत नसेल तर वर्षभराची भरती हातून जाते.

शेवटी तिकिटांचे. चारही खुर्च्या चांगल्या जागी असतील तर त्या सोडू नका, कारण एकदा सोडलेली जागा जिंकायला लागलेल्या संघाकडून परत मिळत नाही. मात्र वाढीव देणगीचा बहुवार्षिक करार या वर्षी करू नका, एक वर्षाचेच नूतनीकरण मागा. बहुतेक विभाग पत्रात न लिहिताही तो पर्याय देतात, फोन करून विचारावे लागते. खुर्चीच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीचा ८० टक्के भाग पूर्वी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१८ पासून ती सवलत गेली आहे, त्यामुळे कर वाचेल असे कोणी सांगितले तर ते जुन्या माहितीवर बोलत आहेत. दोन खुर्च्या ठेवून दोन सोडण्याचा विचार असेल तर त्या शेजारशेजारच्या ठेवा. आणि अर्ज भरण्याआधी विभागाला विचारा की ऑफेन्सिव्ह लाइनचा नवा प्रशिक्षक नेमला आहे का. अजून नेमला नसेल, तर अर्जाच्या अंतिम मुदतीपर्यंत थांबायला हरकत नाही.